सगळं मोबाइलवर मिळतं, मग शाळेचं काम काय उरलं?

तुम्ही विचारलंय की, बातम्या, व्हिडिओ, धडे सगळं मुलांच्या हातात आलंय, मग शिक्षकाने शिकवायचं काय? मी देवगड तालुक्यात, समुद्रालगतच्या शाळेत शिकवतो. तिथलाच प्रसंग सांगतो.

ऑक्टोबरात पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. घराएवढी लाट, खाली 'आज रात्री आपल्या किनाऱ्यावर वादळ, सगळ्यांना पाठवा'. सातवीतल्या दोघांचे वडील मासेमारीला गेले होते, पोरं रडकुंडीला आली. मी धडा बाजूला ठेवला, फोटो वर्गात फिरवला आणि विचारलं, हे खरं कशावरून? तारीख नव्हती, कोणी सांगितलं तेही नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात किनाऱ्याला लागलेली एक होडी होती. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, ही होडी आमच्या हयली नाय." म्हणजे इथली नाही, त्या होडीची नाळच, पुढचं टोकच, वेगळं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग दुसऱ्याने विचारलं, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागलाय का? फोन केला, बावटा नव्हता. हवामान खात्याच्या त्या दिवसाच्या अंदाजातही वादळ नव्हतं.

माझ्या मते शाळेचं काम हेच. माहिती आता दारात येऊन पडते, ती पारखायला मात्र सोबत कोणीतरी लागतं. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली होती. कार्यक्रम ऐकायचा आणि तिथेच बसून त्यावर बोलायचं. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा या गावांतल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडली. रेडिओ दोन्हीकडे होता, फरक पडला तो बोलण्याने. म्हणून नुसते टॅब वाटून शिक्षण झालं असं कोणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे आमच्या तालुक्याला नवीन नाही. ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर इथल्याच पोंभुर्ल्याचे. ते स्वतः शिक्षक होते. १८४०मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढलं ते भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय मराठीत लोकांपर्यंत न्यायला. छापखाना आणि वर्ग ही त्यांना वेगळी कामं वाटलीच नसावीत.

आमच्याकडे आता दर शनिवारी अर्धा तास ग्रुपवरचा एक मेसेज फळ्यावर लिहितो. कोणी सांगितलं, कधीचं आहे, कोणाला विचारता येईल, एवढंच शोधायचं. गेल्या शनिवारी आंब्याच्या औषधाचा मेसेज होता. तो पोरांनी घरी नेऊन वडिलांशी वाद घातला.