तक्ता भिंतीवर, केरसुणी कुणाच्या हातात?

प्रश्न : मुलीच्या वर्गात मूल्यशिक्षणाचा दहा मूल्यांचा तक्ता आहे. त्यात स्त्री-पुरुष समानता आहे आणि नीटनेटकेपणाही. दोन्ही एकाच यादीत कशी? मूल्य आणि सद्गुण यांत फरक नाही का?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : आहे, आणि तुम्ही तो बरोबर हेरलात. मी शिक्षक म्हणून कितीतरी वर्षं हाच तक्ता वर्गात लावला, पण माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

समानता, राष्ट्रीय एकात्मता ही मूल्यं. मोल कशाला द्यायचं, ते ती सांगतात आणि मान डोलावली की मान्य होतात. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता यांना मी गुण म्हणेन. ते अंगी बाणावे लागतात. वक्तशीरपणा मान्य आहे, असं रोज उशिरा येणाराही म्हणतोच की! ॲरिस्टॉटलनं सद्गुणाची गाठ सवयीशी घातली ती यासाठीच. तंतुवाद्य वाजवता वाजवता माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागता वागता न्यायी होतो, असं त्याचं म्हणणं. (नुसता गुणही पुरत नाही म्हणा. दरोडेखोर धाडसी असतो, वेळही चोख पाळतो.)

माझीच गोष्ट सांगतो. फळ्यावर सुविचाराच्या जागी मी सुवाच्य अक्षरात 'स्त्री-पुरुष समानता' लिहायचो. त्याच वेळी मागे मुली वर्ग झाडत असायच्या आणि मुलगे पटांगणात. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, मुलगे का नाही झाडत?" माझ्या हातात खडू तसाच राहिला. मूल्य मला पटलेलं होतं, मुलांना शिकवतही होतो. वळण मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी क्रमांकानं पाळ्या लावल्या. पहिले काही दिवस मुलग्यांनी असं झाडलं, की केर कमी आणि धुरळा जास्त. बाकांवर बोटानं नाव लिहावं इतका. केरसुणी कुठे धरायची इथपासून तयारी. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेकांचे हात बसले. कोपऱ्यातला केर आधी ओढायचा, हे मला त्यांतल्याच एकानं दाखवलं.

एका मुलाची आई मात्र तक्रार घेऊन आली. मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "ते सगळं पटतंय हो गुरुजी, पण आमच्या बाळ्याला धुळीनं सर्दी होते."