एलएल.एम. झालंय, पीएच.डी.साठी नोकरी सोडू का?

प्रश्न: मी 28 वर्षांची, कोथरूडला आई-बाबांकडे राहते. बी.ए. एलएल.बी. आणि एलएल.एम. करून बाणेरच्या एका कंपनीत लीगलमध्ये लागले, हातात 62 हजार येतात. मन मात्र गुन्हेगारीशास्त्रात आहे. येरवड्यातल्या कच्च्या कैद्यांवर संशोधन करायचंय. एका खासगी विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी.ची जागा मिळतेय. एकूण फी साडेचार लाख, फेलोशिप नाही. साडेतीन लाखांची एफडी आहे, म्युच्युअल फंडात अडीच लाख, 15 हजारांची एसआयपी. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील, त्यांना शुगर आहे. आई-बाबांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. एफडी मोडू का? नव्या फौजदारी कायद्यांमुळे या क्षेत्रात नोकऱ्या वाढतील ना?

उत्तर: एफडी मोडू नका आणि राजीनामाही एवढ्यात देऊ नका. पीएच.डी. जरूर करा, फक्त स्वतःच्या खिशातून करू नका.

तुम्ही साडेचार लाखांचा हिशोब मांडलाय, पण बुडणारा पगार त्यात धरलेला नाही. वर्षाला 8 टक्के वाढ धरली तर पुढच्या पाच वर्षांत तुमच्या हातात साधारण 43 लाख 65 हजार येतील. तो पगार सोडून वर फी भरायची, म्हणजे ही जागा तुम्हाला 48 लाखांच्या घरात पडते. आता यूजीसी-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप, मिळाली तर काय होतं ते बघा. जानेवारी 2023 पासूनच्या दरांनी पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढची तीन वर्षं 42 हजार. पाच वर्षांचे बरोब्बर 24 लाख, घरभाडे भत्ता वेगळा. खड्डा वीसेक लाखांवर येतो. तोही लहान नाहीच, पण आई-बाबांच्या घरी राहून तो झेपेल.

वय निघून जाईल ही भीती काढून टाका. जेआरएफची मर्यादा 30 असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. नेट वर्षातून दोनदा होते, नोकरी सांभाळून दोन-तीन वेळा नीट बसता येईल. सेट, म्हणजे राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा, देण्याचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा: सेटने प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. अर्ज भरण्यापूर्वी, तुम्हाला जिथे जायचंय त्या विभागाला लेखी विचारा की लॉ विषयातली नेट गुन्हेगारीशास्त्राच्या पीएच.डी.ला चालेल का. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तुमचा विषय चांगला आहे, पण पैशाच्या नजरेने तो वेळखाऊ आहे. तुरुंगात जाऊन मुलाखती घ्यायच्या तर कारागृह विभागाची परवानगी लागते. विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे, हेलपाटे जवळचे एवढाच दिलासा. फाइल अडकली की वर्ष सरतं. नियमाने पीएच.डी.ला सहा वर्षं मिळतात, महिलांना आणखी दोन. फेलोशिप मात्र पाच वर्षांनी थांबते. सहावं वर्ष तुमच्या एफडीवर काढायचंय, म्हणून ती आज मोडायची नाही. शिवाय फेलोशिप पगारासारखी एक तारखेला जमा होत नाही. काही महिने थकते आणि मग एकदम येते. एसआयपी पाच हजारांवर आणा, पण बंद करू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी मेडिक्लेमची वाटते. राजीनामा दिलात की ग्रुप पॉलिसी संपली. त्यानंतर बाबांसाठी नवी पॉलिसी घ्याल तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून आई-बाबांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच, पगार चालू असताना काढा. प्रस्तावात शुगर लपवू नका, एजंट काहीही म्हणो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका. नोकरीची पुढची दोन वर्षं यासाठीही कामाची आहेत: थांबण्याचा बराच काळ ग्रुप पॉलिसीच्या आडोशाने निघून जाईल.

नव्या कायद्यांबद्दल. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जायचं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे आणि तिचाच दाखला अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत देतात. पण त्या जागा विज्ञान शाखेच्या पदवीधरांच्या. तुम्ही शिकणार ते गुन्हेगारीशास्त्र, ते वेगळं. तुमचा रस्ता अध्यापन, पोलिस प्रशिक्षण, तुरुंग सुधारणेवर काम करणाऱ्या संस्था, असा आहे. अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, ऐकायला छान. भरती मात्र रखडलेली असते आणि अनेक पीएच.डी.धारक तासिका तत्त्वावर शिकवतायत. त्यातल्या त्यात तुमची बाजू बरी आहे, कारण एलएल.एम. आणि नेट एवढ्यावर लॉ कॉलेजात अर्ज करता येतो. वकिलीची सनद घेतली असेल तर ती जपा.

हातातली जागा सोडवत नसेल तर विद्यापीठाला विचारा, हाच प्रवेश अर्धवेळ मिळेल का? यूजीसीच्या 2022 च्या नियमांत तशी सोय आहे, कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ‘हो’ म्हणाले तर फी वर्षाच्या वर्षाला पगारातून भरा. ‘नाही’ म्हणाले तर पैसे भरू नका आणि येत्या नेटचा अर्ज भरा.