युद्धाचा अधिकार कुणाचा, आणि त्यात करिअर कुठे?

प्रश्न : मी नाशिकरोडला टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. सराव परीक्षेत ‘युद्ध पुकारण्याचा अधिकार कुणाला?’ याचं उत्तर ‘संसदेला’ लिहिलं, गुण मिळाले नाहीत. या विषयात पुढे काही करता येईल का?

उत्तर : तू लिहिलंस ते उत्तर अमेरिकेचं. तिथे युद्ध जाहीर करायचं काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आणि सेनापती राष्ट्राध्यक्ष. 1973च्या कायद्यानुसार सैन्य लढाईत उतरवल्यावर 48 तासांत काँग्रेसला कळवायचं, मंजुरी नसेल तर 60 दिवसांत थांबायचं, माघारीसाठी फार तर आणखी 30. कागदावर नेमकं आहे. पण 1942नंतर औपचारिक युद्धघोषणा झालेलीच नाही.

आपल्या संविधानात असं घोषणेचं कलमच नाही. कलम 53(2)नुसार सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, पण त्याचा वापर कायद्याने ठरायचा. कलम 74नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणून निर्णय मंत्रिमंडळाचा. ‘युद्ध आणि शांतता’ ही संघसूचीतली (केंद्राच्या विषयांच्या यादीतली) नोंद 15, म्हणजे कायदा करणं संसदेकडे. आधी परवानगी घ्यायचं बंधन नाही, पण पैसा संसदेच्या मंजुरीशिवाय मिळत नाही आणि लोकसभेचा विश्वास गेला तर सरकार जातं.

मुलं हमखास घसरतात ती कलम 352वर. आणीबाणीची उद्घोषणा म्हणजे युद्धघोषणा नव्हे. कारगिलच्या वेळी, 1999 साली, ती झालीच नव्हती. उद्घोषणेला महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि बहुमत दुहेरी लागतं : हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचं. हे आकड्यांत करून बघ. लोकसभेच्या 543 जागा, मतदानाला आले 360. दोन तृतीयांश म्हणजे 240, तरी ठराव पडतो, कारण एकूण सदस्यसंख्येचं बहुमत 272 आहे. 450 आले तर मात्र 300 लागतात. उत्तरात ही दोन ओळींची आकडेमोड टाक, ‘विशेष बहुमत’ एवढंच लिहून भागत नाही.

आता करिअर. नुसत्या ‘युद्धाधिकारा’ची नोकरी कुठे नसते. माझं मत विचारशील तर एम. ए.आधी तीन वर्षांचं एल. एल. बी. कर (एम. एच. सी. ई. टी. लॉ दे, सोय नाशिकमध्येच आहे). वकिलीची सनद हाती असली की संशोधन नाही जमलं तरी पोट चालतं. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचं एम. ए. आहे, पण त्यानंतर नोकरीच्या जागा मोजक्याच. यू. पी. एस. सी. करायची असेल तर हा भाग सामान्य अध्ययन पेपर 2मध्ये येतो. आणखी एक वाट : खासदारांसोबत काम करायची ‘लॅम्प’ फेलोशिप. ती 25 वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना मिळते, तेव्हा वय हातचं आहे तोवर अर्ज कर.

या सुट्टीत एकच काम कर. चीन युद्धाच्या वेळी 26 ऑक्टोबर 1962ला आणीबाणी लागली, 8 नोव्हेंबरला संसद बसली. त्या दिवसांतल्या लोकसभेच्या चर्चा सभागृहाच्या संकेतस्थळावर वाच, आणि सदस्य सरकारला नेमकं काय विचारतात ते वहीत उतरव.