गोव्यात इसवणाच्या एका तुकड्याला साडेसहाशे रुपये द्यावेत का?

प्रश्न असा आहे: "सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तळलेल्या सुरमईच्या एकाच तुकड्याचे ६५० रुपये लावले. बाजारात एवढ्या पैशांत जवळजवळ किलोभर मासा मिळतो. ही लूट आहे, की त्या तुकड्यात खरंच तेवढं काही असतं?"

म्हापशात आमची माशांच्या जेवणाची खाणावळ आहे. मासळी आणायचं काम माझे थोरले दीर बघतात, तवा माझ्याकडे. सुरमईला इथे आम्ही इसवण म्हणतो आणि आमच्या गिऱ्हाइकांतली निम्मी माणसं तिच्यासाठीच येतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर रोजच्या कामातून देता येईल.

आधी पैशांचा हिशोब. बाजारात आठशे रुपये किलोचा भाव धरू आणि तीन किलोंचा मासा धरू. झाले चोवीसशे. डोकं, पोटातली घाण, कल्ले, शेपटीकडची निमुळती टोकं बाजूला केली की तळण्याजोगी कापं दोन किलोंच्या थोडी वर निघतात. डोकं वाया जात नाही, त्याचं हुमण, म्हणजे नारळाची आमटी, उत्तम होतं, पण हुमणाच्या वाटीला तुकड्याचा भाव मिळत नाही. म्हणजे दीडशे ग्रॅमचं एक काप हॉटेलवाल्याला तव्यावर जाण्याआधीच एकशे सत्तरच्या आसपास पडतं. कच्च्या मालाच्या साधारण तिप्पट दर लावल्याशिवाय जागेचं भाडं, कामगारांचे पगार, गॅस, तेल, बर्फ आणि रात्री उरलेल्या मालाचं नुकसान भागत नाही. त्यावर ५ टक्के जीएसटी. खोल्यांचं भाडं ७५०० रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलात बसलात तर तोच १८ टक्के होतो. तेव्हा नीटनेटक्या हॉटेलात साडेचारशे-पाचशे हा माझ्या मते सरळ दर आहे. त्यावरचे शंभर-दीडशे तुम्ही जागेचे दिलेत. समोर समुद्र बघत बसायचं होतं आणि बसलात, तर त्यात फसवणूक नाही.

आता बाजारातल्या किलोच्या भावाशी तुलना करू नका असं मी का म्हणते ते सांगते. इसवणाच्या तुकड्यात तुम्ही खरे पैसे देता ते विकत घेणाऱ्याच्या नजरेचे. मसाला कुणालाही शिकता येतो. पण मालीमच्या मासेमारी धक्क्यावर किंवा बाजारात पहाटे टोपल्या उघडतात तेव्हा कुठला मासा उचलायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना येत नाही. आणि ज्यांना येतं त्यांतल्याही पुष्कळांना महागाचा नग उचलायचं धाडस होत नाही. आमचे दीर डोळे आणि कल्ले बघतातच, पण त्यांचा भरवसा बोटावर. पाठीवर बोट दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. मग पोट बघतात. पोटाची कातडी सैल पडली असेल तर भाव कितीही उतरवून दिला तरी घेत नाहीत. गरीला, म्हणजे गळाला, लागलेला मासा मिळाला तर दहा रुपये जास्त देऊन घेतात, कारण तो एकेक करून पाण्याबाहेर येतो. मोठ्या ढिगाखाली दबत नाही, मांस चेंगरत नाही.

पाण्यातून निघाल्यावरचा बर्फ हा निम्मा मासा आहे. आपल्या हवेत किलोला किलोभर बर्फ लागतो, आणि तो वरून शिंपडलेला नाही, थराथरांत घातलेला. इसवण, बांगडा आणि कुपा (ट्यूना) एकाच कुळातली मासळी. ती बर्फाविना गरम हवेत पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं, आणि ते तळून वा उकळून जात नाही. म्हणून घास घेतल्यावर मसाल्याशी संबंध नसलेली चुरचुर जिभेला, ओठांना जाणवली तर तिथेच थांबा, दर कितीही असो. तुकडा परत करायला लाजू नका.

ताटात आलेल्या कापावरून ताजेपणा कळतो का? कळतो. ताज्या माशात मधल्या काट्याभोवतीचं मांस काट्याला धरून असतं, फोर्कनं लोटलं की मोठ्या, ओलसर पाकळ्यांत सुटतं. शिळ्या किंवा हळूहळू गोठवून पुन्हा वितळवलेल्या माशाचं मांस भुसभुशीत होतं, कारण बर्फाच्या कणांनी आतले तंतू फाटलेले असतात आणि पाणी तव्यावरच निघून गेलेलं असतं. तोंडात कोरडा चोथा राहतो, मग माणूस लिंबू पिळत राहतो.

तव्याविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण चांगला मासा इथेच मारला जातो. काप बोटाच्या जाडीचं हवं. पातळ कापलं की रवा कुरकुरीत होईपर्यंत आतलं सुकतं. फार जाड असलं तर रवा करपतो आणि काट्याजवळ कच्चं राहतं. स्वस्त थाळीतलं काप पातळ असतं ते एका माशातून जास्त नग काढायचे म्हणून, आणि त्या दरात ते रास्तच आहे. तुमच्याकडून साडेसहाशे घेतले तर जाडी मिळायला हवी. काप पोटाकडचं आलं तर नशीब समजा. त्याला मधे पोकळी असते, दिसायला अर्धवट वाटतं आणि गिऱ्हाईक कुरकुरतं, पण चरबी तिथेच असते आणि चवही.

मीठ, हळद, तिखट आणि थोडं कोकमाचं आगळ किंवा लिंबू एवढंच लावायचं, आणि आंबट पदार्थ तासन् तास लावून ठेवायचा नाही, नाहीतर मांस वरून पांढरं आणि घट्ट होतं. रवा तव्यावर सोडायच्या अगदी आधी. माशाचं मांस साठ अंशांच्या जरा पुढे गेलं की शिजलेलंच असतं, तिथून पुढची प्रत्येक मिनिट पाणी पिळून काढते. मी एका बाजूला तीन मिनिटं, उलटून त्याहून थोडी कमी ठेवते आणि मधे चारदा उलटापालट करत नाही. गर्दीच्या वेळी अनेक हॉटेलांत कापं आधी अर्धी तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा गरम तेलात सोडतात. ताट पाच मिनिटांत आलं तर हेच झालंय. थोडं थांबायला लावणारं हॉटेल मला आवडतं.

आणि मसाला. रेशाद हा आंबट-तिखट लाल मसाला मला प्रिय आहे, पण तो बांगड्यासाठी. इसवणाच्या कापावर जाड लाल थर किंवा लसूण-लोण्याची सॉस ओतलेली असेल तर खालचा मासा कसा आहे हे कळायला वाव राहत नाही. नव्या ठिकाणी पहिल्यांदा गेलात तर साधा रवा फ्रायच मागवा. नुसतं "फिश फिले" लिहिलं असेल तर तो कुठला मासा हे विचारा. बऱ्याचदा तो शेततळ्यात वाढवलेला बासा असतो. बासा वाईट नाही, पण इसवणाच्या किमतीचा नाही.

हॉटेल पारखायची माझी कसोटी एकच. बसल्यावर कार्ड उघडण्याआधी विचारा, "आज काय आलंय?" वाढणारा आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "इसवण आज नाही, चणक बरा आहे," तर तिथे खुशाल पैसे खर्च करा. वर्षाचे सगळे दिवस सगळे मासे असलेलं कार्ड म्हणजे मागे मोठा फ्रीझर. पापलेट, चणक, तांबसो असे अख्खे मासे आकाराप्रमाणे दराने असतात, तेव्हा मासा टेबलापाशी आणायला लावा, वजन आणि दर आधी ठरवा. गोव्यात यात कुणाला अपमान वाटत नाही. २०१८च्या जुलैमध्ये मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, असल्याच्या संशयाचं प्रकरण झालं आणि सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली, तेव्हापासून तर आमची नेहमीची माणसंही मासा कुठून आला हे विचारतात. विचारायलाच हवं.

तुम्ही कोणत्या महिन्यात आला होतात ते लिहिलेलं नाही, म्हणून एवढं सांगते. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे जुलैत ताटात आलेलं इसवण तिकडून लांबचा प्रवास करून आलेलं असतं किंवा आधीच गोठवलेलं. त्या दिवसांत साडेसहाशे देऊ नका. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, तिसऱ्यांचं सुकं आणि गरम उकडा भात मागवा. इसवणासाठी ऑक्टोबरनंतर या, आणि दुपारी एकच्या आत जेवायला बसा, पोटाकडची कापं तोवर शिल्लक असतात.