"तो काही करत नाही हो!"

पाळीव कुत्र्यांबद्दलची पत्रं या महिन्यात एवढी आली, की मांजरवाल्यांना थांबावं लागेल.

प्रश्न : आमच्या इमारतीत एकांकडे रॉटवायलर आहे. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये बिनपट्ट्याचा फिरतो. हटकलं की उत्तर एकच : "तो काही करत नाही." सेक्रेटरी म्हणतात, चावल्याशिवाय तक्रार होत नाही. खरं का? (ठाणे)

सेक्रेटरी चुकतायत. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणं हाच तिथे गुन्हा आहे. चावा व्हायलाच हवा असं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दक्षिण मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलर एका वृद्ध गृहस्थांना चावला होता. जुन्या दंडविधानाखाली मालकाला तीन महिन्यांची कैद झाली, पण निकाल लागला २०२३ मध्ये.

म्हणून एकदम कोर्टाची भाषा नको. सोसायटीला लेखी अर्ज द्या, तारीख-वेळ घाला, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा आणि अर्जाची पोच घ्या. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला दाखवायलाही सांगता येतं. एवढं करूनही फरक पडला नाही, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. दरम्यान लिफ्टमध्ये तो असेल तर लिफ्ट सोडून द्या. तुमच्या भीतीला हसणारे मालक मी खूप पाहिलेत. कुत्रा घरच्यांशी कसा वागतो एवढंच त्यांना ठाऊक असतं. बंद डब्यात अनोळखी माणूस अचानक शिरल्यावर तो काय करेल, हे सांगता येत नाही.

प्रश्न : सोसायटीनं सर्वसाधारण सभेत ठराव केला : मोठी कुत्री पाळायची नाहीत, लहानांनाही लिफ्ट बंद. आमचा लॅब्रॅडोर नऊ वर्षांचा आहे. काय करू? (पिंपरी)

असा ठराव टिकणारा नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ती प्रत जोडून कमिटीला पत्र द्या. मात्र पट्टा आखूड धरणं आणि विष्ठा उचलणं या अपेक्षा रास्त आहेत. त्या न सांगता पाळा, निम्मा विरोध तिथेच मावळेल.

जाताजाता : केंद्रानं मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिलमध्येच रद्द केलं. माझं मत विचाराल तर जातीपेक्षा वाढवणाऱ्याकडे आधी बघावं. पण जबड्याची ताकद विसरून चालत नाही. पॉमेरियन चावला तर मलमपट्टीवर भागू शकतं, रॉटवायलर चावला तर ऑपरेशन थिएटर गाठावं लागू शकतं.

प्रश्न : बंगल्यावर डॉबरमन आहे. दिवसभर साखळीला, रात्री आवारात मोकळा. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' पाटी आहे. तरी पेपरवाल्या मुलावर धावून गेला. पाटी असताना आमचा दोष कसा? (नाशिक)

पाटीनं जबाबदारी टळत नाही. उलट, कुत्रा अंगावर येतो हे तुम्हाला माहीत होतं, एवढंच तिच्यावरून दिसतं.

मूळ दुखणं साखळीत आहे. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला समोरून जाणारा प्रत्येक जण दिसतो, पण जवळ जाता येत नाही आणि लांबही पळता येत नाही. हा ताण साचत जातो आणि फाटक उघडलं की बाहेर पडतो. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही तो गुन्हा ठरतो. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवा. फाटकाच्या गजांना आतून जाळी लावा, पेपर आणि दुधाची पेटी बाहेरच्या बाजूला बसवा, फाटकाला आपोआप लागणारी कडी करा. फिरवताना बास्केट मझल, म्हणजे तोंडावरचं पिंजऱ्यासारखं जाळीदार मुसकं, घाला. त्यात कुत्र्याला धापता येतं, पाणी पिता येतं. कापडी पट्टीचं नको, उन्हात जीव गुदमरतो.

आणि तो गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केलीत, तर पुढच्या वेळी सूचना न देताच चावेल. स्वभाव अचानक बदलला असेल तर कान, दात, सांधे तपासून घ्या, दुखऱ्या कुत्र्याचा संयम लवकर सुटतो.

प्रश्न : शेजारच्या कुत्र्यानं मुलीच्या पोटरीला चावा घेतला, थोडं रक्त आलं. कुत्र्याला लस दिली आहे म्हणे. तरी इंजेक्शनं घ्यायची? (सांगली)

हो, आजच. हे पत्र छापून येईपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रक्त आलं म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं. ते आहे का, हे रुग्णालयात आधी फोन करून विचारा. लस दंडाच्या स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४, २८ हे दिवस (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). शेजाऱ्यांकडून लसीचा दाखला जरूर घ्या, पण त्यावर विसंबून पहिला डोस लांबवू नका. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायचा. तो ठणठणीत राहिला, तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतील.