तांत्रिक लेखनाच्या नोकरीसाठी डिटा शिकावे, की मार्कडाउन पुरेसे आहे?

डिटा म्हणजे तांत्रिक मजकूर छोट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यांत आणि प्रत्येक भागाचा प्रकार सांगणाऱ्या टॅगांसह (खुणांसह) लिहिण्याची पद्धत, आणि मार्कडाउन म्हणजे साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करण्याची सोपी पद्धत. डिटा शिका, आणि टॅगांची यादी पाठ करण्याआधी त्यामागचा विचार समजून घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शेवटी वाचकाच्या हाती पीडीएफच जाते, मग आतल्या रचनेने काय फरक पडतो?’ असे तुम्ही विचारले आहे. हेच वाक्य मी एका बैठकीत ऐकले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी सेंट्रिफ्यूगल पंपांची मॅन्युअल लिहीत असे. ११ मॉडेलांची ११ मॅन्युअल होती, सगळी वर्डमध्ये, आणि सुरक्षेच्या सूचना एकातून दुसऱ्यात कॉपी केलेल्या होत्या. त्यांत ‘मोटार सुरू करा’ ही पायरी आधी होती आणि ‘पंपात पाणी भरून हवा काढल्याशिवाय मोटार सुरू करू नये’ हा इशारा तिच्याखाली होता. यंत्रासमोर उभा राहून एकेक ओळ वाचणारा माणूस इशाऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने बटण दाबलेले असते. पंप कोरडा फिरला की मेकॅनिकल सीलच्या (फिरत्या दांड्याजवळून होणारी गळती रोखणाऱ्या भागाच्या) एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांना वंगण आणि थंडावा देणारा द्रवच उरत नाही, आणि सील जळते. हे लक्षात आल्यावर मी क्रम बदलला, पण तो १० मॅन्युअलांतच बदलला गेला. अकरावे एका सहकाऱ्याच्या संगणकावर वेगळ्या नावाने ठेवलेले होते, आणि छपाईला तेच गेले. काही महिन्यांनी नेमक्या त्याच मॉडेलचे जळालेले सील ग्राहकाकडून परत आले. एकच वाक्य ११ ठिकाणी ठेवणारी पद्धतच सदोष आहे, असे मी बैठकीत सांगितले, तेव्हा वरिष्ठांनी पीडीएफचे ते वाक्य मला ऐकवले.

आयबीएममध्ये घडलेले आणि २००५ मध्ये मानके ठरवणाऱ्या ओॲसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेले डिटा हा याच दुखण्यावरचा उपाय आहे. इशारा एकाच ठिकाणी लिहायचा आणि प्रत्येक मॅन्युअलमध्ये ‘कॉनरेफ’ने (दुसरीकडच्या मजकुराचा संदर्भ देऊन तो आणणाऱ्या सोयीने) ओढून घ्यायचा, मूळ दुरुस्त केले की पुढच्या प्रकाशनात ११ही दुरुस्त होतात. ‘टास्क’ प्रकारच्या, म्हणजे एखादे काम कसे करायचे ते सांगणाऱ्या टॉपिकमध्ये (मजकुराच्या स्वतंत्र तुकड्यात) प्रत्येक ‘स्टेप’ला, म्हणजे पायरीला, एक आणि एकच ‘सीएमडी’ (काय करायचे ते सांगणारे वाक्य) असावे लागते, आणि त्याच्याआधी ‘नोट’ ठेवण्याची जागा रचनेतच दिलेली आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणले ते वेबसाठी लिहिणाऱ्यांच्या सोयीकरिता. त्यात क्रमांकांची यादी करता येते, परंतु ठळक अक्षरांतला परिच्छेद हा इशारा आहे की पायरीचा परिणाम, हे त्या फाइलला कळत नाही.

अर्थात एपीआयचे (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसा संवाद साधायचा ते ठरवणाऱ्या दुव्याचे) दस्तऐवज लिहायचे असतील आणि प्रोग्रॅमरांबरोबर गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत) काम करायचे असेल, तर मार्कडाउनच सोयीचे. शिवाय डिटामध्येही ‘सीएमडी’नंतर ‘इन्फो’त (पायरीच्या जादा माहितीच्या जागेत) इशारा घालता येतो, त्यामुळे क्रमाचा विचार लेखकालाच करावा लागतो. सरावासाठी डिटा ओपन टूलकिट (डिटाच्या फाइलींतून पीडीएफ वगैरे तयार करणारे सॉफ्टवेअर) मोफत मिळते. एखादे जुने मॅन्युअल घेऊन त्यातली पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये वेगळी काढा आणि मुलाखतीत तेच काम दाखवा. कोणी पीडीएफचा मुद्दा काढलाच, तर एक दुरुस्ती किती फाइलींत करावी लागते, एवढेच त्यांना विचारा. आमच्या त्या तक्रारीच्या अहवालात ‘लेखिकेचे दुर्लक्ष’ असे कारण नोंदवले गेले, आणि ते मला आजही मान्य नाही.