‘मायर’ या जर्मन आडनावाचा अर्थ काय? मायर ज्यू असतात का?

ऑफिसातल्या एका मायरवरून तुम्ही हे विचारलंय. माझा नवराच मायर, तोही वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियातला, त्यामुळे राहवलं नाही.

मूळ शब्द लॅटिन ‘मायोर’, म्हणजे थोरला. मध्ययुगात मठाच्या किंवा सरदाराच्या जमिनीचा कारभार बघणारा, कुळांकडून धान्य आणि वेठ वसूल करणारा तो मायर. पुढे या जमिनी खंडाने दिल्या गेल्या आणि मायर म्हणजे मोठा खंडकरी शेतकरी झाला. आपल्या देशमुख-कुलकर्ण्यांसारखं हुद्द्याचं आडनाव. जागोजागी मायर होते, त्यामुळे सगळे मायर एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

हे नवऱ्याच्या काकांना पटत नाही. मी आडनाव बदलणार नाही म्हटल्यावर लग्नातच त्यांनी ‘आमच्या घराण्याचं रक्त’ सुरू केलं. त्यांना मराठी येत नाही, माझ्या बाबांना जर्मन येत नाही, तरी या एका मुद्द्यावर दोघांचं गूळपीठ जमलं!

अहो, वेस्टफालियात शेतकऱ्यांचं आडनाव बरेचदा रक्ताचं नसायचंच, शेताचं असायचं. शेत मुलीकडे आलं की जावई तिथे राहायला यायचा आणि शेताचं नाव लावायचा. चर्चच्या जन्म-लग्नांच्या नोंदवहीत आधी त्याचं जन्माचं आडनाव, मग ‘गेनान्ट’, म्हणजे उर्फ, आणि पुढे शेताचं नाव. काकांच्याच घराण्यात अठराव्या शतकात असा एक घरजावई निघाला. त्या पानाची प्रिंट मी त्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, “ते वेगळं, तेव्हा शेतीचा प्रश्न होता.” म्हणजे जमिनीसाठी पुरुषाने नाव टाकलं तर तो व्यवहार, आणि बाईने स्वतःचं ठेवलं तर घराणं बुडालं. पश्चिम जर्मनीत 1976 पर्यंत कायदाही काकांच्याच बाजूचा होता. त्यानंतरही नवरा-बायकोचं एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच आडनाव लागे. ती तरतूद घटना न्यायालयाने 1991 मध्ये रद्द केली. हे बाबांनाही ऐकवून झालंय.

हां, ज्यूंचं राहिलं. हिब्रूत ‘मेइर’ म्हणजे प्रकाश देणारा. त्या नावावरून आलेले ज्यू मायर वेगळे. इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर यांचं सासरचं आडनाव मायरसन, ते 1956 मध्ये त्यांनी हिब्रू वळणाचं केलं. पण नुसत्या आडनावावरून धर्म ओळखता येत नाही, स्पेलिंगवरूनही नाही. ‘ई-वाय’वाले (Meyer) उत्तरेत जास्त, ‘ए’वाले (Maier, Mayer) दक्षिणेत, एवढाच अंदाज बांधता येतो. आणि जर्मनीत सहकाऱ्याला धर्म विचारू नका, गाव विचारा. गाव कॅथलिक निघालं तर ‘मात्रिकुला’ या वेबसाइटवर चर्चच्या पुष्कळ वह्या फुकट बघता येतात, प्रोटेस्टंट असेल तर ‘आर्किऑन’ या वेबसाइटला पैसे मोजावे लागतात.

शेताच्या नावाची ही पद्धत वेस्टफालिया आणि आसपासची. तुमचा मायर बवेरियाचा असेल तर ती त्याला लावू नका.

1 मे 2025 पासून इथे जर्मनीत नवरा-बायको दोघांनाही जोडआडनाव घेता येतं. आमच्याकडे विचार चालू आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही.